एलसीखाली विम्याचा कागद कसा तपासावा

एक्सपोर्टच्या ऑफिसात नव्याने लागलेला माणूस इन्व्हॉइस आणि बिल ऑफ लेडिंग (बीएल, जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) डोळ्यांत तेल घालून तपासतो. विम्याची पॉलिसी मात्र एजंटाकडून मेलवर आली की प्रिंट मारून सरळ फाइलला लागते. विमा कंपनीने केलेला कागद म्हणजे तो बरोबरच असणार, असा समज असतो. पॉलिसी विमा म्हणून बरोबर असेलही, पण एलसीखाली (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे अटींप्रमाणे कागद दिले तर पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची लेखी हमी) ती चालेल की नाही हा वेगळा प्रश्न आहे. बँकेत तिच्यावर दोषाचा शेरा पडला की पैसे अडकतात. त्यातून त्या दिवसांत मालाचा भाव उतरला असेल, तर परदेशातल्या खरेदीदाराला सूट मागायला आयतं निमित्त मिळतं.

तपासायला बसताना एकच प्रश्न डोक्यात ठेवा. हा कागद पुढे ज्याच्या हातात जाईल, त्याला मालाचं नुकसान झाल्यास त्याच्या ठिकाणी, एलसीच्याच चलनात, पुरेशी भरपाई मागता येईल का? बँकेचे बहुतेक नियम या प्रश्नातूनच आलेले आहेत. हा धागा धरला की कलमं घोकावी लागत नाहीत.

नियम दोन ठिकाणी आहेत. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सची यूसीपी ६०० ही नियमावली १ जुलै २००७ पासून लागू आहे. तिचं कलम २८ संपूर्णपणे विम्याच्या कागदाबद्दल आहे. त्या नियमांचा रोजच्या तपासणीत अर्थ कसा लावायचा हे आयएसबीपी या पुस्तिकेत दिलेलं असतं. तिची २०१३ ची आवृत्ती ७४५ क्रमांकाची आणि २०२३ ची ८२१ क्रमांकाची. विम्याचा भाग ‘के’ या अक्षराखाली येतो. कलम २८ जेमतेम दोन पानांचं आहे. ते मुळातून वाचा, कुणी सांगितलेल्या सारांशावर राहू नका.

पुढे सगळीकडे एकच कल्पित उदाहरण वापरतो. सांगलीचा व्यापारी हॅम्बुर्गच्या खरेदीदाराला हळद पाठवतोय. दर सीआयएफ हॅम्बुर्ग (किंमत, विमा आणि हॅम्बुर्गपर्यंतचं भाडं धरून), इन्व्हॉइस ४८,६०० डॉलरचं, माल न्हावाशेवाहून जहाजावर चढणार. (दर एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचा, किंवा सीएफआर, म्हणजे भाड्यासह पण विम्याशिवायचा, असेल तर विमा खरेदीदार उतरवतो आणि तुमच्याकडे हा कागद सहसा मागितला जात नाही. पण ‘माल चढताच आमच्या विमा कंपनीला कळवा’ अशी अट एलसीत असू शकते. ती निसटू देऊ नका.)

पहिली पायरी: ट्रक निघण्याआधी एलसी वाचा

पॉलिसी हातात आल्यावर तपासणी सुरू केली तर उशीर झालेला असतो. एलसी स्विफ्टच्या (बँकांच्या संदेश-जाळ्याच्या) एमटी ७०० या नमुन्यात येते. विम्याची मुख्य अट फील्ड ४६ए मध्ये असते, पण तेवढ्यावर थांबू नका. ४७ए मध्ये जादा अटी असतात आणि विम्याची एखादी ओळ हमखास तिथे दडलेली असते. माल कुठून कुठे जाणार ते ४४ए, ४४ई, ४४एफ आणि ४४बी मध्ये, चलन आणि रक्कम ३२बी मध्ये, कागद किती दिवसांत सादर करायचे ते ४८ मध्ये.

आपल्या एलसीत समजा असं लिहिलंय: विमा पॉलिसी किंवा सर्टिफिकेट दोन प्रतींत, कोऱ्या पृष्ठांकनासह, इन्व्हॉइस मूल्याच्या ११० टक्के रकमेचं, इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ए, वॉर क्लॉजेस आणि स्ट्राइक्स क्लॉजेससह, दावा जर्मनीत देय. (कोरं पृष्ठांकन म्हणजे कागदाच्या मागे कुणाचंही नाव न घालता केलेली सही; इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस म्हणजे मालविम्याच्या प्रमाण अटी.) एलसीतला हा मजकूर जसाच्या तसा विमा कंपनीला किंवा ब्रोकरला पाठवा. स्वतःच्या शब्दांत सांगायला जाऊ नका. फोनवर तर मुळीच नको. त्यांच्याकडून आधी ड्राफ्ट मागवा. ड्राफ्टमधली दुरुस्ती एका मेलवर होते, सही झालेल्या कागदातली दुरुस्ती म्हणजे नवं एन्डॉर्समेंट (विमा कंपनीची दुरुस्ती-पुरवणी) आणि एकदोन दिवसांची पळापळ.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट. विमा कायदा १९३८ च्या कलम ६४ व्हीबी प्रमाणे प्रीमियम आधी मिळाल्याशिवाय विमा कंपनी जोखीम घेऊ शकत नाही. म्हणून ओपन पॉलिसीत (अनेक खेपांसाठी एकदाच घेतलेल्या विम्यात) किंवा कंपनीकडच्या ठेव खात्यात पुरेशी शिल्लक आहे का, हे माल हलण्यापूर्वी बघून घ्या.

दुसरी पायरी: कागद कोणता आणि सही कुणाची

तीन प्रकारचे कागद चालतात: पॉलिसी, सर्टिफिकेट आणि ओपन कव्हरखालचं (अनेक खेपांसाठी आधीच केलेल्या विमा कराराखालचं) डिक्लरेशन. कव्हर नोट (पॉलिसी निघण्याआधीची तात्पुरती चिठ्ठी) चालत नाही, यूसीपी तसं स्पष्टच सांगते. एलसीने सर्टिफिकेट मागितलं असताना पॉलिसी दिली तर चालते. एलसीने फक्त पॉलिसी मागितली असेल तर मात्र सर्टिफिकेट देऊन भागत नाही.

सही विमा कंपनीची, अंडररायटरची (जोखीम घेणाऱ्याची) किंवा त्यांच्या एजंटाची अथवा मुखत्याराची हवी. एजंटाने सही केली असेल तर ती कुणाच्या वतीने केली ते कागदावर दिसलं पाहिजे. कागद ब्रोकरच्या लेटरहेडवर आहे एवढ्यावरून शेरा मारता येत नाही. ब्रोकरने नाव घेतलेल्या विमा कंपनीचा एजंट म्हणून सही केलेली असली की तो चालतो.

हल्ली पॉलिसी पीडीएफमध्ये येते आणि खाली छापलेलं असतं की हा कागद संगणकावर तयार झाला आहे, सहीची गरज नाही. आयएसबीपी इथे ठाम आहे: असं नुसतं वाक्य म्हणजे सही नव्हे. सही कशी पडताळायची यासाठी वेबसाइटचा पत्ता दिलेला असेल तर ती इलेक्ट्रॉनिक पद्धतीची खातरजमा धरली जाते. माझा सल्ला असा, की नियमाचा कीस काढत बसण्यापेक्षा विमा कंपनीच्या शाखेतून सही-शिक्क्याची मूळ प्रत आणा. परदेशातल्या बँकेशी या मुद्द्यावर वाद घालण्यात जाणारे दिवस त्या एका फेरीपेक्षा महाग पडतात.

ओपन कव्हरखाली एक्सपोर्टर स्वतः भरतो त्या सर्टिफिकेटांवर विमा कंपनीची सही आधीच छापलेली असते, आणि ‘प्रतिस्वाक्षरीशिवाय ग्राह्य नाही’ अशी ओळही असते. ती प्रतिस्वाक्षरी राहिली तर कागद अपुरा.

तिसरी पायरी: मूळ प्रती

इथे नवा माणूस नेमका अडकतो. एलसीत ‘दोन प्रतींत’ असं म्हटलं असेल तर एक मूळ आणि एक साधी प्रत पुरते. पण पॉलिसीवरच ‘दोन मूळ प्रतींत जारी’ असं छापलेलं असेल, तर दोन्ही मूळ प्रती सादर कराव्याच लागतात, आणि दोन्हींवर सही लागते. कारण उघड आहे. एक मूळ प्रत बाहेर फिरत राहिली तर तिच्यावर दुसराच कुणी दावा ठोकू शकतो. विमा कंपनीने दोन पाठवल्या आणि एक तुमच्या कपाटात ‘रेकॉर्डसाठी’ राहिली, तर बँकेच्या लेखी ही सरळ डिसक्रेपन्सी, म्हणजे एलसीच्या अटीत न बसणारा दोष.

चौथी पायरी: तारीख

विम्याच्या कागदाची तारीख माल चढल्याच्या तारखेनंतरची नसावी. हा नियम बहुतेकांना माहीत असतो. चूक होते ती ‘माल चढल्याची तारीख’ ठरवताना. बिल ऑफ लेडिंगवर ऑन बोर्डचा (माल जहाजावर चढल्याचा) वेगळा शेरा आणि तारीख असेल तर तीच खरी, बीएल कधी बनलं ती तारीख नव्हे. एलसी मल्टिमोडल (ट्रक, जहाज अशा एकाहून अधिक साधनांच्या) वाहतुकीची असेल तर माल ताब्यात घेतल्याची किंवा रवाना केल्याची तारीखही शिपमेंटची तारीख ठरू शकते. म्हणजे सांगलीहून ट्रक सुटला त्या दिवसापर्यंत मागे जावं लागेल.

समजा ऑन बोर्ड १२ मार्च आणि पॉलिसी १४ मार्चची. ही डिसक्रेपन्सी, पण एक वाट आहे. विमा १२ मार्चपासून किंवा त्याआधीपासून लागू आहे असं पॉलिसीवरच स्पष्ट लिहिलेलं असेल तर ती चालते. ओपन कव्हर असेल तर विमा कंपनी हे खरेपणाने लिहू शकते, कारण जोखीम आधीपासून तिच्या अंगावर असते आणि फक्त सर्टिफिकेट मागाहून निघालेलं असतं. सुटी पॉलिसी माल चढल्यावर घेतली असेल तर असं लिहून मागू नका. मागची तारीख टाकून द्या असंही कुणाला सांगू नका. दावा आला की ती तारीख आधी तपासली जाते, आणि मग दावाही जातो आणि नावही.

पॉलिसीवर ‘वेअरहाउस टू वेअरहाउस’ लिहिलंय, मग विमा गोदामातूनच सुरू झाला ना, असं पुष्कळ जण म्हणतात. आयएसबीपीने हा युक्तिवाद नाव घेऊन फेटाळला आहे. त्या शब्दांवरून विमा कुठून कुठपर्यंत आहे एवढंच कळतं, कधीपासून लागू आहे ते कळत नाही. पॉलिसी उशिराची असेल तर या शब्दांनी ती वाचत नाही.

आणखी एक बारीक नजर टाका. दावा अमुक तारखेपर्यंतच दाखल करता येईल अशी मुदत कागदावर लिहिलेली नसावी.

पाचवी पायरी: रक्कम आणि चलन

चलन एलसीचंच हवं. आपल्याकडे काही शाखा सवयीने विमा रक्कम रुपयांत टाकतात. एलसी डॉलरची असेल तर रुपयांतली पॉलिसी चालत नाही. रुपयांचा आकडा पॉलिसीत प्रीमियमच्या हिशेबासाठी आलेला असेल तर हरकत नाही, पण विम्याची रक्कम डॉलरमध्येच दिसली पाहिजे.

रकमेचा हिशेब सोपा: ४८,६०० चे ११० टक्के म्हणजे ५३,४६०. ही किमान रक्कम आहे. ५४,००० ची पॉलिसी आली तर आयएसबीपीप्रमाणे कमाल मर्यादा नाही, एलसीने स्वतः घातली असेल तर गोष्ट वेगळी. पण ५३,४०० ची आली तर साठ डॉलरसाठी शेरा पडेल. आकडा खाली राऊंड करू नका. एलसीने टक्केवारी दिलीच नसेल, तरी यूसीपी सीआयएफ किंवा सीआयपी (तसाच विम्यासह, पण कोणत्याही वाहतुकीला चालणारा दर) मूल्याचे किमान ११० टक्के मागते.

आता जिथे अनुभवी लोकही चुकतात ती जागा. समजा खरेदीदाराने २० टक्के, म्हणजे ९,७२० डॉलर आगाऊ दिलेत आणि एलसीखाली फक्त ३८,८८० ची उचल होणार आहे. विमा कशाच्या ११० टक्के? ३८,८८० च्या हिशेबाने ४२,७६८ येतात आणि इन्व्हॉइसच्या खालच्या ओळीत तोच आकडा समोर असल्यामुळे ते बरोबर वाटतं. तसं नाही. विमा मालाच्या पूर्ण मूल्यावर काढायचा, कारण समुद्रात बुडणार तो सगळा माल. म्हणून ५३,४६०. इन्व्हॉइसमध्ये डिस्काउंट दाखवलं असेल तेव्हाही आधार पूर्ण मूल्याचाच.

सहावी पायरी: कुठून कुठपर्यंत

एलसीत माल ताब्यात घेण्याचं ठिकाण सांगली आणि अंतिम ठिकाण न्यूर्नबर्ग असेल, आणि पॉलिसीवर न्हावाशेवा ते हॅम्बुर्ग एवढंच असेल, तर दोन्ही टोकांना विमा तोकडा पडतो. एलसीत फक्त बंदरं दिलेली असतील तर बंदर ते बंदर पुरेसं. तरीही सांगली ते न्हावाशेवा हा रस्त्याचा प्रवास पॉलिसीत घ्यावा, कारण घाटात ट्रक उलटला तर नुकसान तुमचंच आहे. एलसीने जास्तीचा विमा घेऊ नका असं सांगितलेलं नसतं.

सातवी पायरी: कोणत्या जोखमी

इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेसचे ए, बी, सी असे तीन प्रकार आहेत. ए सर्वांत व्यापक, सी सर्वांत मर्यादित. इन्कोटर्म्स २०२० (सीआयएफ, एफओबी अशा दरांचे अर्थ ठरवणारे नियम) प्रमाणे सीआयएफ विक्रेत्यावर किमान सी ची जबाबदारी असते आणि सीआयपी विक्रेत्यावर ए ची. पण बँक इन्कोटर्म्स उघडून बघत नाही, एलसीत काय मागितलंय तेच बघते. आपल्या एलसीत ए मागितला आहे, तर सी ची पॉलिसी चालणार नाही, करार सीआयएफचा असला तरी.

युद्ध आणि संप या जोखमी ए मध्येही वगळलेल्या असतात. म्हणून एलसीने मागितल्या असतील तर वॉर क्लॉजेस आणि स्ट्राइक्स क्लॉजेस वेगवेगळे दिसले पाहिजेत. ‘इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ए आहे, त्यात सगळं आलं’ हे उत्तर कुणाकडूनही ऐकून घेऊ नका, विमा एजंटाकडूनही नाही.

एलसीत ‘ऑल रिस्क्स’ असे शब्द असतील तर ऑल रिस्क्सचा कोणताही शेरा किंवा क्लॉज चालतो, आणि इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ए सुद्धा. तेव्हा त्याच कागदावर काही जोखमी वगळल्याचं लिहिलेलं असलं तरी बँकेने आक्षेप घ्यायचा नसतो. ‘नेहमीच्या जोखमी’ असे मोघम शब्द एलसीत असतील तर कोणत्या जोखमी सुटल्या याकडे बँक बघत नाही. खरेदीदाराच्या दृष्टीने मात्र अशी एलसी धोक्याची आहे, आणि तसं त्याला कळवणं हे चांगल्या व्यापाऱ्याचं काम.

आठवी पायरी: पैसे कुणाला मिळणार

सुरुवातीचा प्रश्न इथे सर्वांत जास्त कामाला येतो. पॉलिसी साधारणपणे एक्सपोर्टरच्या नावाने निघते. ती तशीच पुढे गेली तर हॅम्बुर्गमध्ये माल खराब निघाल्यावर भरपाई मागण्याचा हक्क सांगलीतच राहतो. म्हणून पॉलिसीच्या मागच्या बाजूला एक्सपोर्टरची सही आणि शिक्का लागतो, म्हणजेच कोरं पृष्ठांकन. ते राहून जाणं ही सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त घडणारी चूक आहे. मूळ प्रती दोन असतील तर दोन्हींच्या मागे सही करा.

एलसी याबद्दल गप्प असेल तर काय? तरीही दावा एक्सपोर्टरला किंवा तिसऱ्याच कुणाला देय दिसत असेल तर पृष्ठांकन लागतंच, कोरं किंवा इश्यूइंग बँकेच्या (एलसी उघडणाऱ्या बँकेच्या) अथवा खरेदीदाराच्या नावे. कागद हातात पडेपर्यंत भरपाईचा हक्कही त्या हातात गेलेला असला पाहिजे. एलसीने ‘इश्यूइंग बँकेच्या ऑर्डरने’ असं म्हटलं असेल तर बँकेचं नाव पॉलिसीत विमाधारक किंवा दाव्याची रक्कम घेणारी म्हणून आलंय का ते पाहा.

‘दावा जर्मनीत देय’ ही अट आपल्या एलसीत आहे. पॉलिसीवर दाव्याचं ठिकाण मुंबई आलं तर शेरा पक्का. जर्मनीतल्या सर्व्हे किंवा क्लेम एजंटाचं नाव नुसतं छापलेलं असणं आणि दावा जर्मनीत देय असल्याचं लिहिलेलं असणं या दोन गोष्टी आहेत. ड्राफ्टमध्येच ही ओळ शब्दशः मागून घ्या.

नववी पायरी: बाकीच्या कागदांशी ताळा

बीएल, इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट शेजारी ठेवा. जहाजाचं नाव, गोण्यांची संख्या, वजन, मार्क्स, कंटेनर नंबर, इन्व्हॉइस नंबर यांत एकमेकांना छेद जाणारी माहिती नको. शब्द तंतोतंत सारखे हवेत असं नाही. पॉलिसीवर मालाचं वर्णन ढोबळ असलं तरी चालतं, फक्त ते एलसीतल्या वर्णनाशी विसंगत नको.

जहाजाच्या नावाची मात्र खास काळजी घ्या. पॉलिसी आधी निघते, त्यानंतर कंटेनर ठरलेल्या जहाजावर चढत नाही आणि पुढच्या जहाजावर जातो. बीएलवर नवं नाव येतं, पॉलिसीवर जुनंच राहतं. ऑन बोर्ड बीएल हातात पडताच पहिली नजर या नावावर टाका आणि फरक असेल तर त्याच दिवशी विमा कंपनीकडून एन्डॉर्समेंट मागा.

ज्यावर शेरा मारू नये

नवा तपासनीस घाबरून नको तिथेही लाल पेन चालवतो. पॉलिसीवर कोणतंही एक्सक्लूजन क्लॉज (जोखीम वगळणारी अट) असू शकतं: किरणोत्सर्ग, सायबर, काहीही. यूसीपी त्याला परवानगी देते. एक्सेस किंवा फ्रँचायझीचा (ठरावीक मर्यादेपर्यंतचं नुकसान न भरण्याच्या अटीचा) उल्लेखही चालतो. एलसीने विमा ‘टक्केवारीचा विचार न करता’ मागितला असेल तरच तो उल्लेख नडतो. पॉलिसीच्या मागच्या बारीक अक्षरांतल्या सर्वसाधारण अटी बँक तपासत नाही. प्रीमियमचा उल्लेखही सोडून द्यायचा असतो, पण प्रीमियम भरल्याशिवाय पॉलिसी ग्राह्य नाही असं म्हणून तोच कागद प्रीमियम बाकी असल्याचं दाखवत असेल तर नाही. अर्थ न बदलणारी टायपिंगची चूक म्हणजे डिसक्रेपन्सी नव्हे.

चूक सापडलीच तर

विम्याच्या कागदावरची खाडाखोड तुम्ही स्वतः करून सही मारू नका. दुरुस्ती विमा कंपनीने किंवा तिच्या एजंटानेच प्रमाणित करायची असते, नावासह. पृष्ठांकन राहिलं असेल तर ते मात्र तुमच्याच हातात आहे, बँकेच्या काउंटरवरही करता येतं.

वेळेचा हिशेब आधी मांडा. एलसीत वेगळी मुदत नसेल तर शिपमेंटनंतर २१ दिवसांत आणि एलसीची मुदत संपण्याआधी मूळ वाहतूक कागदांसह सगळे कागद सादर व्हायला हवेत. हे दिवस हातात असेपर्यंत दुरुस्त पॉलिसी पुन्हा सादर करता येते. दुरुस्ती शक्यच नसेल, उदाहरणार्थ विमा खरोखरच माल चढल्यानंतर घेतला असेल, तर खरेदीदाराला स्पष्ट सांगून एलसीत सुधारणा मागा किंवा कागद पाठवण्याआधी तुमच्या बँकेमार्फत इश्यूइंग बँकेची संमती मागवा. लपवून पाठवलेला दोष तिकडे सापडतोच, आणि तोवर माल बंदरात उभा राहून भाडं चढत असतं.

परदेशी बँकेकडून नकाराची सूचना आली तर ती नीट वाचा. कागद मिळाल्याच्या पुढच्या दिवसापासून पाच बँक दिवसांच्या आत, एकाच सूचनेत, प्रत्येक दोष नावानिशी सांगायचा असतो. तो अवधी उलटल्यावर पाठवलेली सूचना किंवा नंतर शोधून काढलेला नवा दोष बँकेला वापरता येत नाही. सूचनेची तारीख, त्यातला प्रत्येक दोष आणि त्यावर कलम २८ किंवा आयएसबीपीचा कोणता परिच्छेद लागू होतो, हे एका कागदावर मांडून त्याच दिवशी तुमच्या बँकेच्या ट्रेड फायनान्स डेस्ककडे द्या. उत्तर त्यांच्या स्विफ्ट संदेशातूनच जावं लागतं.